एनसीडीयू मेन्यूत का दिसत नाही? टर्मिनलमधले प्रोग्रॅम मेन्यूत बसवताना

डेबियन लिनक्सवर एचटॉप (चालू प्रोग्रॅमांवर नजर ठेवणारा) टाकला की तो मेन्यूत आपोआप दिसू लागतो. एनसीडीयू (डिस्कवरची जागा मोजणारा) टाकला तर दिसत नाही. दोन्ही टर्मिनलमध्येच चालणारे, दोन्ही डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने, म्हणजे ॲप्टनेच आलेले. फरक एवढाच की एचटॉपच्या पॅकेजात एक छोटी मजकुराची फाइल असते आणि इन्स्टॉल होताना ती /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स या फोल्डरात जाऊन बसते. लिनक्सचा मेन्यू म्हणजे अशा फाइलींची यादी. ज्याची फाइल नाही, त्याला मेन्यूत जागा नाही. एनसीडीयूसाठी ती फाइल आपण लिहायची, काम इतकंच. दहाएक ओळी होतात. त्यांतल्या नऊ ओळी दोन मिनिटांत लिहून होतात आणि कोणती कमांड चालवायची ते सांगणारी एक्झेकची ओळ अख्खी संध्याकाळ खाते.

ज्या मशीनवर हे केलं तिथे चार नोंदी हव्या होत्या: डिस्कवरची जागा पाहायला एनसीडीयू, नुसता आकडा पाहायला डीएफ, सर्व्हरवर जायला एसएसएच, आणि व्हिडिओतून आवाज वेगळा काढायला एफएफएमपेग. या चौघांत मिळून जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात, म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

आधी एक खुलासा. खाली ओळींची नावं आणि कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलीत त्या रोमन अक्षरांतच लिहायच्या, आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळून: ओळीच्या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, ट्रू आणि फॉल्स मात्र पूर्ण स्मॉल. ट्रूचा टी कॅपिटल पडला तर ती किंमत या फाइलींच्या ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे चुकीची ठरते.

फाइल कुठे ठेवायची हा पहिला प्रश्न. फक्त आपल्यापुरती नोंद हवी असेल तर होम फोल्डरात ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स, मशीनवरच्या सगळ्यांना हवी असेल तर /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स. /यूएसआर/शेअर मधल्या फोल्डराला हात लावू नये, ती पॅकेज मॅनेजरची मालमत्ता आहे. पुढच्या अपडेटला आपला बदल पुसला जातो. होममधलं फोल्डर नसेल तर आधी तयार करावं. फाइलीचं नाव काहीही चालतं, पण शेवट .डेस्कटॉप असाच हवा. नावात मोकळी जागा ठेवू नये.

एनसीडीयूची नोंद अशी झाली:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=एनसीडीयू
नेम[एमआर]=डिस्कवरची जागा
कॉमेंट[एमआर]=कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे ते पाहा
एक्झेक=एनसीडीयू
टर्मिनल=ट्रू
आयकॉन=युटिलिटीज-टर्मिनल
कॅटेगरीज=सिस्टिम;फाइलसिस्टिम;कन्सोलओन्ली;
कीवर्ड्स[एमआर]=डिस्क;जागा;फोल्डर;

चौकटी कंसातलं शीर्षक सगळ्यांच्या आधी येतं. त्याच्यावर फक्त रिकाम्या ओळी किंवा # ने सुरू होणाऱ्या टिपा चालतात. टाइप आणि नेम सक्तीचे. एक्झेकही आपल्या कामासाठी सक्तीचाच समजा. बाकीचं ऐच्छिक, पण टर्मिनलची ओळ विसरलात तर प्रोग्रॅम सुरू होतो, त्याला चित्र काढायला पडदाच सापडत नाही आणि तो निमूट बंद होतो. क्लिक केलं, काहीच झालं नाही, चुकीचा संदेशही नाही, असं दिसलं की पहिला संशय याच ओळीवर घ्यावा.

कंसात एमआर लिहिलेल्या ओळी मराठीसाठी. डेस्कटॉपची भाषा मराठी असेल तर मेन्यू त्या उचलतो, नसेल तर साध्या ओळी वापरतो. भारत-मराठी असा पूर्ण संकेत लिहिण्याची गरज नाही, नुसता एमआर पुरतो. तसाच कोकणीसाठी केओके. या ओळींतला मजकूर मात्र खराखुरा देवनागरीत, आणि फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन केलेली. शोधशब्दांच्या मराठी ओळीत रोमन शब्दही घालून ठेवावेत. मराठी ओळ सापडली की मूळ ओळ बाजूला पडते, आणि कीबोर्ड दर वेळी मराठीवर असतोच असं नाही.

कॅटेगरीजमध्ये एक मुख्य वर्ग हवा: सिस्टिम, युटिलिटी, नेटवर्क, ऑफिस, डेव्हलपमेंट, गेम असे ठरलेले आहेत. कन्सोलओन्ली हा उपवर्ग आहे, तो एकटा लिहिला तर नोंद ‘इतर’ किंवा केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपात ‘हरवले-सापडले’ छापाच्या कोपऱ्यात जाऊन पडते. दोन मुख्य वर्ग दिले तर तीच नोंद मेन्यूत दोन ठिकाणी उगवू शकते. प्रत्येक वर्गानंतर अर्धविराम, शेवटच्यानंतरही.

फाइल जतन केली की ती तपासायला डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही कमांड आहे. डेबियन-उबुंटूत ती डेस्कटॉप-फाइल-युटिल्स या पॅकेजात मिळते. काहीच न बोलता ती परतली तर फाइल बरोबर. ‘एरर’ म्हटलं तर दुरुस्त करायचंच. ‘हिंट’ म्हणजे सल्ला, मानला तर बरं. मेन्यू उघडण्याआधी ही तपासणी करण्याची सवय लावून घ्यावी. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ ओळीच्या शेवटी सुटलेली मोकळी जागा, डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नसतो. फाइल विंडोजवर लिहून आणली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर येतं. ते एक्झेकच्या नावाला चिकटलं तर डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारा प्रोग्रॅमही सिस्टिमला ‘सापडत नाही’. डॉसटूयुनिक्स चालवून ते काढून टाकावं.

एनसीडीयूच्या एक्झेकमध्ये पुढे काहीच लिहिलेलं नाही, हे मुद्दाम. सुरुवातीला तिथे टिल्ड (~) होती, म्हणजे ‘होम फोल्डर मोज’. टर्मिनलमध्ये हे रोज चालतं, कारण टिल्डचं होम फोल्डरात रूपांतर शेल (टर्मिनलमधल्या कमांडा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) करतो. मेन्यूतून मात्र कमांड शेलकडे जात नाही. डेस्कटॉप ती स्वतः तुकडे करून थेट चालवतो. एनसीडीयूच्या हाती टिल्ड हे अक्षरच पडतं, तो त्या नावाचं फोल्डर शोधतो, सापडत नाही, आणि खिडकी पापणी लवायच्या आत मिटते. टिल्ड, डॉलरची व्हेरिएबलं, पाइप, बाण, दोन अँपरसँड, तारांकन या सगळ्यांची गत तीच. यातली गोम अशी की केडीई प्लाझ्मा दयाळू आहे. अशा खुणा दिसल्या की तो ती ओळ गुपचूप शेलकडे देतो आणि सगळं चालतं. मग तीच फाइल ग्नोम किंवा एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपांच्या मशीनवर नेली की बंद. एका डेस्कटॉपवर चाललं हा पुरावा धरू नये. व्हॅलिडेट काय म्हणतो तो धरावा. टिल्ड अवतरणचिन्हांबाहेर दिसली की तो लगेच हरकत घेतो.

एनसीडीयूला फोल्डर सांगितलं नाही तर तो चालू फोल्डर मोजतो, आणि मेन्यूतून सुरू झालेल्या प्रोग्रॅमचं चालू फोल्डर बहुधा होमच असतं. म्हणून नुसतं नाव पुरलं. दुसरीकडून सुरुवात हवी असेल तर पाथ नावाची ओळ आहे, पण तिच्यातही पूर्ण पत्ता लिहायचा, टिल्ड नाही. या ओळीच्या नावाने अनेक जण फसतात: प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या शेलच्या पाथशी तिचा काही संबंध नाही.

त्या शेलच्या पाथची गंमत वेगळीच. कार्गो, गो किंवा पिप या प्रोग्रॅमिंग भाषांच्या साधनांनी टाकलेले प्रोग्रॅम होममधल्या कुठल्यातरी बिन फोल्डरात जातात आणि त्यांचा पत्ता बॅश या शेलच्या बॅशआरसी फाइलीत जोडलेला असतो. ती फाइल टर्मिनल उघडल्यावर वाचली जाते. मेन्यू तर लॉगिनच्या वेळीच सुरू झालेला, त्याने ती पाहिलेलीच नाही. ग्नोम तर एक पाऊल पुढे जातो: एक्झेकमधला पहिला शब्द त्याच्या पाथमध्ये सापडला नाही तर तो नोंद दाखवतच नाही. चूक नाही, करडा आयकॉन नाही, नोंदच गायब. ट्रायएक्झेक नावाची ओळ लिहिली तर तोच न्याय सगळीकडे लागू होतो. साधा उपाय म्हणजे एक्झेकमध्ये पूर्ण पत्ता लिहिणे, अगदी स्लॅश-होमपासून. डेबियनच्या ठेवणीतल्या प्रोफाइल फाइलीत होममधलं .लोकल/बिन पाथला जोडण्याची सोय आहे, पण ते फोल्डर लॉगिनच्या वेळी अस्तित्वात असेल तरच. फोल्डर आज केलं तर एकदा लॉगआउट होऊन यावं लागतं.

आता डीएफ. एक्झेक=डीएफ -एच, टर्मिनल=ट्रू. क्लिक केलं की काळी खिडकी चमकून जाते. यात काहीही चुकलेलं नाही: डीएफने आकडे छापले, त्याचं काम संपलं, आणि आतला प्रोग्रॅम संपला की टर्मिनल मिटतं. एनसीडीयू, एचटॉप, मिडनाइट कमांडर हे पडदा व्यापून बसणारे; क्यू किंवा त्यांची जी काही ठरलेली की असेल ती दाबेपर्यंत हलत नाहीत. डीएफ, कॅल, फ्री, आयपी हे बोलून निघून जाणारे. दुसऱ्या जातीला थांबवून ठेवायला काहीतरी लागतं.

इंटरनेटवर सर्रास सुचवलेला उपाय म्हणजे कमांड शेलमध्ये गुंडाळून शेवटी रीड (एंटरची वाट पाहणारी कमांड) लावणे:

एक्झेक=एसएच -सी "डीएफ -एच; रीड"

डेबियन आणि उबुंटूवर हे फसतं. तिथे एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश हा दुसरा शेल. उबुंटूत 2006 पासून, डेबियनमध्ये 2011 च्या स्क्वीझपासून. डॅशच्या रीडला व्हेरिएबलचं नाव लागतंच. न दिल्यास ‘आर्ग काउंट’ अशी तक्रार करून तो पुढे जातो, आणि खिडकी पुन्हा मिटते. फेडोरावर तीच ओळ चालते, कारण तिथे एसएच म्हणजे बॅशच. रीडपुढे एक नाव लिहा, नुसतं एक्ससुद्धा चालेल, किंवा सरळ बॅश -सी लिहा. अर्धविराम आहे म्हणून अवतरणचिन्हं हवीतच, आणि ती दुहेरी. एकेरी अवतरणांना या फाइलीच्या प्रमाणात स्थान नाही. काही डेस्कटॉप तीही चालवून घेतात, म्हणून सवय लागते आणि पुढे केव्हातरी अंगाशी येते.

दुसरा मार्ग लेस या मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा: डीएफचा निकाल पाइपने लेसला द्यायचा, तो क्यू दाबेपर्यंत उघडा राहतो. हाही बॅश -सी मध्येच, पाइप आहे म्हणून. मात्र लेसला -एफ (कॅपिटल) ही सवलत लावलेली असेल, आणि पुष्कळ जण ती लेस नावाच्या व्हेरिएबलमध्ये कायमची लावून ठेवतात, तर एका पडद्यात मावणारा मजकूर दाखवून तो लगेच बाहेर पडतो. डीएफचा मजकूर नेमका एका पडद्यात मावतो.

तिसरा मार्ग टर्मिनललाच थांबायला सांगण्याचा. एक्सटर्मला -होल्ड, एक्सएफसीईच्या टर्मिनलला --होल्ड, किटी, अलॅक्रिटी आणि फूट या तिघांनाही --होल्ड, कन्सोलला --होल्ड किंवा --नोक्लोज. ग्नोम टर्मिनलला असा पर्याय नाही; तिथे प्रोफाइलच्या पसंतीत ‘कमांड संपल्यावर’ या ठिकाणी खिडकी उघडी ठेवा असं निवडावं लागतं, आणि ते त्या प्रोफाइलमधल्या प्रत्येक खिडकीला लागू होतं. एक्झेकमध्ये टर्मिनलचं नाव स्वतः लिहिलं की टर्मिनलची ओळ फॉल्स करायची. ट्रू राहिली तर दोन खिडक्या उघडतात, एक रिकामी आणि एक कामाची. रिकामी मिटवली की कामाचीही जाते.

टर्मिनल=ट्रू लिहिल्यावर नेमकं कोणतं टर्मिनल उघडतं हा प्रश्न इथेच येतो, आणि त्याचं उत्तर डेस्कटॉपगणिक वेगळं आहे. प्लाझ्मा आणि एक्सएफसीई दोन्हींत ‘डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स’ मध्ये टर्मिनल निवडता येतं, ते पाळलं जातं. ग्नोमच्या खालच्या जीलिब लायब्ररीत टर्मिनलांची एक यादी कोडातच लिहिलेली आहे. त्यातलं पहिलं जे सापडेल ते ती उघडते. यादीच्या तळाशी बिचारं एक्सटर्म. अलॅक्रिटी, किटी किंवा फूट त्या यादीत नाहीत. म्हणून ज्याने ग्नोम टर्मिनल काढून फक्त अलॅक्रिटी ठेवलं आहे त्याच्याकडे टर्मिनल=ट्रू असलेली एकही नोंद उघडत नाही, आणि तो बिचारा एक्झेकची ओळ तपासत बसतो. यावर चांगला तोडगा म्हणजे एक्सडीजी-टर्मिनल-एक्झेक. ही छोटी स्क्रिप्ट आहे, अलीकडची जीलिब तिला यादीत सर्वांत आधी शोधते. कॉन्फिग फोल्डरात एक्सडीजी-टर्मिनल्स.लिस्ट नावाची फाइल करून तिच्या पहिल्या ओळीत आपल्या आवडत्या टर्मिनलच्या डेस्कटॉप फाइलीचं नाव लिहिलं की काम झालं.

एसएसएचची नोंद सर्वांत सोपी वाटली होती. सर्व्हरचा पत्ता, वापरकर्ता आणि पोर्ट हे सगळं होममधल्या .एसएसएच/कॉन्फिग फाइलीत एका टोपणनावाखाली लिहून ठेवलं, म्हणजे एक्झेकमध्ये एसएसएच आणि टोपणनाव एवढंच उरतं. नोंद चाललीही. पण सर्व्हर बंद असला की काय? एसएसएच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा तसंच काही म्हणतो आणि ते कुणी वाचण्याआधी खिडकी मिटते. ज्याच्यासाठी नोंद केली तो माणूस ‘मेन्यू बिघडला’ असं सांगत येतो. म्हणून बॅश -सी मध्ये गुंडाळून, एसएसएच अपयशी ठरला तरच रीड चालेल असं दोन उभ्या रेघांनी जोडायचं. नीट बाहेर पडलं तर खिडकी मिटावी, चूक झाली तर थांबावी. सर्व्हरवर टीमक्स (टर्मिनलची सत्रं चालू ठेवणारा प्रोग्रॅम) असेल तर एसएसएच -टी देऊन पुढे टीमक्स न्यू -ए (कॅपिटल) -एस आणि सत्राचं नाव लिहावं: सत्र आधीचं असेल तर त्यालाच जोडतो, नसेल तर नवं काढतो. -टी विसरलात तर टीमक्स टर्मिनल नसल्याची तक्रार करतो.

एसएसएचच्या किल्लीचा परवलीचा शब्द मेन्यूतून दर वेळी विचारला जातो आणि टर्मिनलमधून मात्र विचारला जात नाही, असं झालं तर किल्ली सांभाळणारा एसएसएच-एजंट बॅशआरसीतून सुरू केलेला आहे. पाथची जी गोष्ट, तीच ही. मेन्यूला त्या एजंटचा पत्ता ठाऊक नाही. एजंट डेस्कटॉपच्या सत्राबरोबर सुरू व्हायला हवा.

प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोचंही इथेच सांगून टाकतो. टर्मिनल=ट्रू असेल तर एक्झेकच्या सुरुवातीला सुडो खुशाल लिहावा, पासवर्ड त्या खिडकीतच विचारला जातो; आयोटॉप किंवा नेटहॉग्ज अशा नोंदींना तो लागतोच. टर्मिनल नसताना सुडोला पासवर्ड विचारायला जागा नसते.

आता एफएफएमपेग, जिथे एक्झेकची ओळ खरी पिसाळते. इथे नोंद नुसती मेन्यूत नको होती. फाइल मॅनेजरमध्ये व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘यासोबत उघडा’ मध्ये हवी होती. त्यासाठी फाइलीचा प्रकार सांगणारी माइमटाइपची ओळ लागते (व्हिडिओ/एमपी4; वगैरे) आणि एक्झेकमध्ये निवडलेल्या फाइलीची जागा दाखवणारी खूण. स्मॉल %एफ म्हणजे एकच फाइल, कॅपिटल %एफ म्हणजे सगळ्या एकदम. स्मॉल लिहून पाच व्हिडिओ निवडले तर पाच टर्मिनल उघडतात आणि पाचही एफएफएमपेग एकाच वेळी प्रोसेसरवर तुटून पडतात.

पहिला प्रयत्न अवतरणांत सगळी कमांड आणि तिच्या पोटात %एफ असा होता. हे चुकीचं आहे; अवतरणांच्या आत या खुणा वापरायच्या नाहीत असं प्रमाण स्पष्ट सांगतं. फाइलीचं नाव बाहेर लिहून बॅशला पहिला पॅरामीटर म्हणून द्यायचं आणि आत डॉलर-एक लिहायचं, हा योग्य रस्ता. पण डॉलर अवतरणांत असल्यामुळे त्याला एक बॅकस्लॅश हवा, आणि या फाइलीत बॅकस्लॅशलाच आणखी एक बॅकस्लॅश लागतो, म्हणजे \\$. फाइलीच्या नावात मोकळी जागा असू शकते म्हणून डॉलर-एकभोवती पुन्हा दुहेरी अवतरणं, त्यांनाही दोन-दोन बॅकस्लॅश. खरोखरचा बॅकस्लॅश हवा असेल तर चार. टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर %% असं जोडीने. ही ओळ एकदा बरोबर लिहिता येते. सहा महिन्यांनी वाचता येत नाही.

म्हणून नियमच करून टाकला: एक्झेकमध्ये पहिला बॅकस्लॅश टंकायची वेळ आली की हात थांबवायचा आणि स्क्रिप्ट लिहायची. होममधल्या .लोकल/बिन मध्ये पाच ओळींची बॅश स्क्रिप्ट: मिळालेल्या प्रत्येक फाइलीसाठी, म्हणजे "$@" वर फिरत, एफएफएमपेग -नोएसटीडीइन -आय आणि फाइल, पुढे चित्र वगळायला -व्हीएन, आवाजाच्या दर्जासाठी -क्यू:ए 2, आणि शेवटी मूळ नावाचं शेपूट बदलून एमपी3, सगळ्यात खाली रीड. -नोएसटीडीइन यासाठी की एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डकडे कान लावून बसतो; कुणी खिडकीत चुकून क्यू दाबला तर रूपांतर अर्ध्यावर संपतं. डेस्कटॉप फाइलीत मग एवढंच राहतं: एक्झेक, स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, कॅपिटल %एफ. स्क्रिप्टला सीएचमॉड +एक्स करून चालवण्याची परवानगी द्यायला विसरलात तर ग्नोममध्ये पुन्हा तेच, नोंद गायब. .डेस्कटॉप फाइलीला मात्र त्या परवानगीची गरज नाही. ती लागते फाइल थेट डेस्कटॉपवर ठेवली तर, आणि तिथे ग्नोम उजव्या क्लिकमध्ये ‘चालवू द्या’ असंही एकदा म्हणायला लावतो.

माइमटाइप लिहिला असेल तर अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ही कमांड आपल्या ॲप्लिकेशन्स फोल्डरावर चालवावी, तिच्याशिवाय ‘यासोबत उघडा’ ला पत्ता लागत नाही. नुसत्या मेन्यूसाठी तिची गरज नाही, जरी प्रत्येक जण सवयीने ती चालवतो. मेन्यू बहुतेक ठिकाणी फोल्डरावर नजर ठेवून असतो, नोंद काही सेकंदांत येते. ॲप्लिकेशन्स फोल्डरच नव्याने केलं असेल तर एकदा बाहेर पडून आत या. प्लाझ्मा अडून बसला तर केबिल्डसायकोका5 किंवा 6 चालवा, आवृत्तीप्रमाणे.

नोंद दिसते पण उघडत नाही, तेव्हा मेन्यूत पुन्हा पुन्हा क्लिक करून काही कळत नाही. एका टर्मिनलमध्ये सिस्टिमचे संदेश दाखवणारा जर्नलसीटीएल --युजर -एफ चालू ठेवावा आणि दुसऱ्यात, नोंद चालवून पाहणाऱ्या जीटीके-लाँचला फाइलीचं नाव द्यावं. चूक बहुधा कुठल्यातरी एका खिडकीत उमटते. एक पथ्य: जीटीके-लाँच टर्मिनलमधून चालवला की त्याला टर्मिनलचा पाथ मिळतो. तिथे चाललं आणि मेन्यूतून नाही, तर निदान झालंच.

खालच्या पट्टीवर सगळ्या नोंदी टर्मिनलच्याच आयकॉनखाली गोळा होतात, ही तक्रार हमखास येते. खिडकी टर्मिनलची असते, म्हणून पट्टी तिला टर्मिनल समजते. किटी किंवा अलॅक्रिटीला --क्लास, फूटला --ॲप-आयडी देऊन खिडकीला वेगळं नाव द्यायचं, टर्मिनल=फॉल्स करायचं आणि स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास या ओळीत तेच नाव लिहायचं. वेलँडवर (खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर) डेस्कटॉप फाइलीचं नावही तेच ठेवलं की जुळणी नक्की होते. स्टार्टअपनोटिफाय फॉल्स ठेवावा. नाहीतर प्रोग्रॅम केव्हाच सुरू झालेला असतो आणि कर्सर फिरतच राहतो.

हाताने लिहायचं नसेल तर मेन्यूलिब्रे, अलाकार्ट, प्लाझ्माचा केमेन्युएडिट आहेत. ते हीच फाइल लिहितात, फक्त नाव अलाकार्ट-मेड असलं काहीतरी ठेवतात आणि मग दहा नोंदींत आपली कोणती ते कळेनासं होतं. केमेन्युएडिटमध्ये टर्मिनलच्या पर्यायांची वेगळी चौकट आहे, तिथे --नोक्लोज लिहिलं की डीएफचा प्रश्न सुटतो, प्लाझ्मापुरता.

चारही नोंदी एका उपमेन्यूखाली हव्या असतील तर टाइप=डिरेक्टरी असलेली एक .डिरेक्टरी फाइल लिहून एक्सडीजी-डेस्कटॉप-मेन्यू इन्स्टॉलला आधी ती आणि मग नोंदींच्या फाइली द्याव्यात. फाइलींच्या नावाआधी अक्षरं आणि जोडरेघ असा उपसर्ग मागितला जातो; नको असेल तर --नोव्हेंडर. ग्नोम शेलमध्ये मेन्यूची अशी उतरंडच नसल्यामुळे तिथे हा खटाटोप वाया जातो.

उलटं कामही याच वाटेने होतं. एचटॉप किंवा व्हिम मेन्यूत नको असतील तर त्यांची फाइल होममधल्या फोल्डरात त्याच नावाने कॉपी करून नोडिस्प्ले=ट्रू अशी ओळ घालावी. होममधली फाइल सिस्टिमच्या फाइलीला पूर्णपणे झाकते. दोघींच्या ओळी एकत्र होत नाहीत, म्हणून एका ओळीची फाइल करून भागत नाही. हिडन=ट्रू लिहिलं तर नोंद पुसल्यासारखीच होते आणि व्हिमने मजकुराच्या फाइली उघडायची सोयही जाते.

नोंदींची नावं मराठीत सुरेख दिसतात, म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी रीडला मराठी संदेश द्यायचा मोह होतो: ‘झालं, आता एंटर दाबा’. मेन्यू अक्षरं जोडून दाखवतो. बहुतेक टर्मिनल मात्र प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीच्या चौकटीत कोंबतात, मग वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. कन्सोलमध्ये आणि एमएलटर्ममध्ये बरं दिसतं, ग्नोम टर्मिनल आणि एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये बरं दिसत नाही. तिथे जोडाक्षर नसलेला शब्द निवडावा. ‘झालं’ चालतं. ‘रूपांतर पूर्ण’ लिहून पाहिलं, ‘र्ण’ वाचवेना.